बिनडोक्याचा स्क्रू

फिटरदादा स्क्रूला नुसतं बोट लावून त्याची जात सांगायचे. सत्तरच्या दशकात नागपुरातल्या एका कापड मिलच्या स्टोअरमध्ये मी कारकून म्हणून लागले, तेव्हा मला सगळे स्क्रू सारखेच दिसत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या टेबलावर चार मांडले. चारही स्क्रूंना एलन चावीसाठी, म्हणजे वाकवलेल्या सळीसारख्या पान्यासाठी, सहा कोनांचा खड्डा.

"हा उंच टोपीचा, बाई. पाना फिरवाले जागा नाही आन् जोर लय, तिथं हा. हा चपटा, पूर्ण बुडते, वरून कापड सरकलं तरी अटकत नाही. हा बटनासारखा, झाकणाले." चौथा त्यांनी तळहातावर घेतला. "याले डोकंच नाही. फिरत्या शाफ्टवरच्या कड्यात, कॉलरीत, अंदर जाऊन बसते. तिथं डोक्याचा बोल्ट लावला, का तो माणसाले धरते."

कोणी घाई केली की ते शांतपणे म्हणत, "घाई मशीनले नसते, सायबाले असते." आणि चावी पुसत बसत.

एकदा ते बिनडोक्याचे स्क्रू संपले आणि एक मशीन बंद राहिलं. दादांनी तीन वेळा मागणीची चिठ्ठी दिली, तिन्ही वेळा मी 'शिल्लक नाही' लिहून परत केली. खरेदीचा कागद मॅनेजर साहेबांच्या टेबलावर पडून होता. मी दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा धीर झाला नाही. शेवटी साहेबांनी फर्मावलं, साधा बोल्ट लावा आणि मशीन सुरू करा.

"एखादा तरी पाहा नं, बाई. कोपऱ्यात पडला असन."

मी सगळे खण उपसले. नव्हता. दादांनी बोल्ट लावला.

चौथ्या दिवशी तेल घालणाऱ्या नामदेवची बाही त्या बोल्टात सापडली. दादांनी धावत जाऊन त्याला कमरेला मिठी मारली आणि "बंद करा गा, बंद करा" म्हणून ओरडत राहिले. शाफ्ट थांबेपर्यंत नामदेवचा उजवा हात कोपरापासून गेला होता.

चौकशीत दादांनी त्या तीन चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. अधिकाऱ्यांनी त्या उलगडल्याही नाहीत.

"बोल्ट कोणी लावला?"

"म्या."

मी दाराशीच उभी होते. मला कोणी काही विचारलं नाही. मीही आपणहून बोलले नाही. दादांना कामावरून काढलं.

महिन्याभरानं मी शहरातल्याच इंदोरा भागात नामदेवच्या घरी गेले. दादा त्याच्यासमोर बसून त्याच्या शर्टाच्या गुंड्या लावत होते. रोज सकाळी येतात, असं त्याची बायको म्हणाली.

"दादा, मी बोलायला पाहिजे होतं."

"तुमी बोलून तरी का झालं असतं, बाई?"

त्यांनी ते मला धीर द्यायलाच म्हटलं होतं. मला अजून तो घेता आलेला नाही.

"गळ्याची राहू दे गा," नामदेव म्हणाला, "गरमी होऊन राहिली."

दादांनी लावलेली गुंडी हळूच सोडली.