नव्या हौदावरची शीळ

सगळ्यांना रामराम. भूत, भानामती, अंगात येणं, उतारे… यातलं मी कधीच काही मानलं नाही. आमच्या भागात एक पिंपळ होता, त्याच्याखालून लोक दिवेलागणीनंतर जायचे नाहीत. मी तिथेच खाट टाकून झोपायचो. चौथीत शाळा सुटली, तेव्हा लिहिण्यात चुका निघतील, त्या मोजत बसू नका. जे झालं ते मागच्या उन्हाळ्यात माझ्याच जागेत, माझ्या डोळ्यांपुढे झालं.

आमचा धंदा घोड्यांचा. अमळनेरात नवरदेवाला पांढरी घोडी पाहिजे असली की लोक आमच्याकडे येतात. मी आणि माझा मोठा भाऊ — दादा — दोघांनी मिळून हा धंदा उभा केला. आता दोन घोड्या आहेत, चांदणी आणि रेशमा. जुना तबेला गावात होता. आजूबाजूला घरं झाली, लोकांना लिदीचा वास यायला लागला, माशांवरून रोज भांडण. शेवटी धुळे रोडला शेताच्या कडेला नवीन शेड बांधली. वर पत्रा, पत्र्यावर उन्हासाठी पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा थर, पुढे सिमेंटचा हौद, मागे दोन खोल्या. दादा त्याच्या आदल्या हिवाळ्यातच वारला होता. वहिनी माझ्यासोबत तिथे राहायला आली.

जागा बदलली की घोडं बिथरतं, हे मला कोणी शिकवायला नको. जुन्या ठाणाची माती आणि लीद पोत्यात भरून आणली, नव्या जागी पसरली. म्हणजे पायाखाली ओळखीचा वास राहतो. दोघींना एकमेकींचं तोंड दिसेल अशा बांधल्या. हाताने हरभरा चारला. खाणं थोडं का होईना, पण चालू झालं. पाणी मात्र नाही… हौदाजवळ नेलं की नाकातून फुरफुर करायच्या आणि मान वर. रेशमा निदान ओठ ओले करायची. चांदणी तेवढंही नाही, आणि ती गाभण. दिवस भरत आलेले.

पाण्यात गूळ टाकला. मीठ चाटवलं. जुन्या घरच्या नळाचं पाणी ड्रममध्ये भरून रिक्षाने आणलं, त्यालाही तोंड लावलं नाही. वहिनी म्हणाली, "तुमन्या घोड्या बी तुमनामायकच शेतस, नाना. हट्टी." माझ्यासारख्याच, असं तिचं म्हणणं. एरवी मी उलटून बोललो असतो. त्या दिवशी डॉक्टरला फोन लावला.

दुपारी जनावरांचा डॉक्टर आला. चांदणीच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती परत बसेना. म्हणाला, "नाना, अंगातलं पाणी आटलंय, लीद कोरडी पडतेय. पोटात कळ धरली तर घोडी जाईल आणि पिल्लूही जाईल. संध्याकाळी सलाईन घेऊन येतो, तोवर पाजायचं बघा."

आता घोडेवाल्यांना माहीत असेल — घोडं पाणी पिताना माणूस शीळ घालतो. हळू, एकसारखी. त्याने घोडं निवांत होतं, दमादमाने पितं. आमच्यात चारा-दाणा माझा, पाणी पाजणं दादाचं; त्याची शीळ शेवटी जरा वर चढायची. तो गेल्यावर जुन्या तबेल्यात घोड्या बिनशिळीच्या प्यायच्या, कारण हौद ओळखीचा होता. मला वाटलं, शिळीवाचून काही अडत नाही. आता घालून पाहिली. पुढचे दात नाहीत, नुसती हवा निघाली. चांदणीने कान मागे टाकले.

मी दोघींचे दोर धरून हौदाच्या कठड्यावर बसलो. उन्हं कलली होती, वारा अजिबात नव्हता. मनात म्हटलं, देवाला नाही, दादालाच — तुझं काम तू असं टाकून गेलास, आता ही मरायला टेकली, ये आणि पाज. रागानेच म्हटलं.

तेवढ्यात दोघींचे कान एकदम उभे राहिले. दोघींनी मान वळवली… माझ्याकडे नाही, हौदाच्या पलीकडच्या कडेला. तिथे कोणी नव्हतं. मागे नांगरलेलं रिकामं रान. चांदणीने हिसका दिला, दोर माझ्या हातातून सुटला. ती आपली आपण चालत गेली, मान खाली घातली आणि प्यायला लागली. घोट गळ्यातून जाताना दिसत होता. थांबायची, दम घ्यायची, परत प्यायची. रेशमा तिच्या शेजारी. पिऊन झाल्यावर चांदणीने ओलं तोंड वर केलं आणि हवेतच घासलं, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर. दादाचा सदरा खांद्यावर असाच कायम ओला असायचा.

वहिनी पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"नाना, आते शीळ कोन वाजाडी ऱ्हायंता?"

"कोनी नही. मी एकटाच शे आठे."

"माले ऐकू उनी."

"वारा व्हई."

"वारा कोठे शे? शेवटले वर चढस ती. मी जलमभर ऐकेल शे, माले नका शिकाडा."

मग तिला हौदातलं उतरलेलं पाणी दिसलं. चांदणीच्या मानेवर तसाच पिठाचा हात ठेवून उभी राहिली.

मला काही ऐकू आलं नव्हतं. पोरं म्हणतात, मला कमी ऐकू येतं. मी ते मान्य करत नाही. पण त्या दिवशी कानाचा राग आला. घोड्यांना ऐकू आली, वहिनीला आली… मलाच नाही.

डॉक्टर बाटल्या घेऊन आला, हौद पाहिला, म्हणाला की शेवटी तहान आवरली नसेल. असेलही. माणूस चांगला आहे, मी वाद घातला नाही. पण घोड्यांचे उभे राहिलेले कान? आणि ते खांद्याला तोंड घासणं? पुढे चांदणीला धडधाकट शिंगरू झालं, सगळ्या रानात उधळत असतं.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. वहिनी म्हणते, परत कधी ऐकू आली नाही. दादा जिवंत असताना मी त्याचे आभार कधी मानले नाहीत, भावाभावात कुठे मानतात. आता मानतो. मी जन्मात कोणासाठी बाजूला सरलो नाही, बाजारात नाही की भाऊबंदकीत नाही. पण पाण्याची वेळ झाली की घोड्या हौदावर सोडतो आणि अलीकडेच थांबतो. पलीकडच्या कडेला मी उभा राहत नाही, दुसऱ्या कोणाला राहू देत नाही. ती जागा मोकळी ठेवतो.