कापलेला खोकला

प्रशांतचा खोकला मी अकरा महिने कापून टाकत होतो. माझी चूक ती हीच. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी गरीब बिचाऱ्याचा आव आणायला लागलो तर वाचकांनी मला वेळीच आवरावं.

तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होतो. समोर स्क्रीनवर त्याच्याच शेवटच्या भागाचं ध्वनिमुद्रण उघडलेलं होतं. पाच आठवड्यांपूर्वीचं. तो हॉस्पिटलातून परत आला की करू, म्हणून मी त्याला हात लावला नव्हता. फोनवर त्याचा मेहुणा होता. म्हणाला, "मनोहरभाऊ, आमचे दाजी गेले." मी "बरं" म्हणालो. एखादं गिऱ्हाईक "प्रिंटर उद्या नेतो" म्हणाल्यावर म्हणतो, अगदी तसंच. मग फाईल नीट सेव्ह केली, कॉम्प्युटर बंद केला, आणि शटर ओढताना लक्षात आलं की मी चप्पल न घालताच बाहेर उभा आहे...

प्रशांत अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. राहायला बदलापूरजवळ सोनिवलीला, नव्या इमारतीत. आमची ओळख त्याच्या बिघडलेल्या मदरबोर्डवरून झाली. मी तो दुरुस्त करताना पूर्णच जाळला, आणि हा माणूस भांडण्याऐवजी मला विचारतो, "पण मन्या, पहिल्या कॉम्प्युटरांत व्हॉल्व्ह असायचे, ते जळले की काय करत असतील रे?" पहिल्याच भेटीत मन्या! त्याला यंत्रांच्या इतिहासाचं वेड होतं. पहिला माऊस लाकडाचा होता, चंद्रावर माणूस नेणाऱ्या कॉम्प्युटरची स्मरणशक्ती आजच्या साध्या मोबाईलपेक्षाही कमी होती, असलं काहीबाही तो शिफ्टमधल्या लोकांना डबा खाताना सांगायचा. परदेशात लोक असल्या गप्पा रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकतात, त्याला पॉडकास्ट म्हणतात, हे त्यानंच कुठंतरी वाचलं. "आपण मराठीत करू," म्हणाला. अशी आमची 'यंत्रगप्पा' सुरू झाली.

पहिला भाग आम्ही पाऊण तास बोललो आणि माईकची पिन मी स्पीकरच्या भोकात घातली होती. दुसऱ्या भागात व्हायरसपासून सावध कसं राहावं हे मी तज्ज्ञाच्या थाटात सांगितलं. इंटरनेट फारसं कुणाकडे नव्हतं, म्हणून आम्ही भाग सीडीवर वाटायचो; त्या भागाच्या सीड्या ज्यांनी ज्यांनी घेतल्या, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या दुकानातला व्हायरस गेला. तिसऱ्या भागानंतर प्रशांतनं मला कार्यक्रमातून काढलं. "तू हसतोस फार. आणि चुकीचं सांगतोस. बाहेर बस." शुक्रवारी त्याच्या कंपनीला सुट्टी आणि आमचा बाजारही बंद. वीज जायची दुपारी, म्हणून सकाळीच उरकायचं. तो आत एकटा बोलायचा, माईकवर स्वतःचा हिरव्या पट्ट्यांचा मोजा चढवून, म्हणजे फूफू आवाज येत नाही. मी अर्ध्या शटरबाहेर स्टुलावर बसून रस्त्यावरच्या लोकांना गप्प करायचो. त्याचं बोलणं साफ करायचं काम मात्र माझ्याकडे होतं, आणि त्यात मी स्वतःला उस्ताद समजायचो.

कॉम्प्युटरवर आवाज दिसतो, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोलणं म्हणजे आडव्या तारेवर बसलेल्या चिमण्यांसारखं बारीक बारीक. खोकला म्हणजे मध्येच उभा राहिलेला विजेचा खांब. शिकाऊ माणूस प्रत्येक जागा ऐकून मग कापतो. मी नुसतं बघून कापायचो. खांब दिसला की अलीकडची-पलीकडची थोडी जागा धरून उडवला. लाकडी माऊसच्या भागात एकच खांब होता. पंच कार्डाच्या भागात सहा-सात. मग मोजणं सोडून दिलं. खांब वाढत होते आणि माझा हात बसत चालला होता. मला आनंद कशाचा, तर हाताचा! भाग तयार झाला की मूळ ध्वनिमुद्रण पुसायचं, कारण डिस्क कायम भरलेली.

शेजारचे पापडवाले काका सिंधी. एकदा शटरकडे हनुवटी करून मला म्हणाले, "साईं, अंदर क्या टी.बी. हॉस्पिटल खोला है?" मी हसलो. आत जाऊन प्रशांतलाही सांगितलं. तोही हसला, आणि हसता हसता खोकला. मी पाण्याची बाटली पुढे केली. माझ्या वैद्यकीय ज्ञानाची धाव तेवढीच.

मग हॉस्पिटल. डॉक्टरांनी विचारलं, "खोकला कधीपासून?" त्याची बायको, सुजातावहिनी, म्हणाल्या, "असेल दोनेक महिने." मी त्यांच्या मागे पेजेचा डबा धरून उभा होतो. मला नक्की ठाऊक होतं कधीपासून. पहिला खांब माझ्या डोळ्यांसमोर होता. मी काही बोललो नाही. वाटलं, छातीच्या फोटोत काय ते दिसेलच, आपण कशाला मध्ये... फोटोत दिसलंच. फुप्फुसांचा फारसा भाग शिल्लक नव्हता. डॉक्टर वहिनींना म्हणाले, "निदान सहा महिने आधी यायचं होतं, बाई." ते वाक्य त्यांना ऐकून घ्यावं लागलं. वहिनींनी मान खाली घातली, आणि मी डबा या हातातून त्या हातात घेतला.

तो गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "भाऊजी, मला कळलंच कसं नाही हो? घरी खोकायचे, तर म्हणायचे धूळ आहे. सोनिवलीत जिकडे तिकडे बांधकामं, आम्ही सगळेच खोकतो. पण रविवारी मी भाकऱ्या करताना तुमची सीडी लावायचे ना... तासभर बोलायचे, एकदासुद्धा खोकायचे नाहीत. म्हटलं, बाहेर गेल्यावर बरं असतं, म्हणजे धूळच असणार."

मी पळून जायला हवं होतं, पण बसून राहिलो. मी सगळं सांगितलं. खांब, कात्री, पापडवाले काका, डॉक्टरांसमोरचा डबा. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "एखादं न कापलेलं आहे का?"

एकच होतं. शेवटचं.

पुढच्या शुक्रवारी त्या दुकानात आल्या. शटर मी सवयीनं अर्धं ओढलं. माईक टेबलावर होता तसाच होता. त्यावरच्या मोज्याकडे बघून म्हणाल्या, "तरीच याचा जोड सापडत नव्हता." मग मी बटण दाबलं आणि जन्मात पहिल्यांदा स्क्रीनकडे न बघता प्रशांतला ऐकलं. विषय होता पहिला मोबाईल, विटेएवढा. चार वाक्यं झाली आणि खोकला सुरू झाला. संपेचना. वहिनींनी टेबलाची कड घट्ट धरली. मग दम खात तो हळू आवाजात बोलला, "मन्या, हे काढ. सुजा ऐकते." पुन्हा मोबाईल. पुन्हा खोकला, लांबलचक. आणि मग, "हेपण काढ रे... आज जरा जास्तच झालं. रक्त आलं थोडं. कुणाला तरी दाखवायला हवं, तू येशील का बरोबर?" मग घसा खाकरून, नेहमीच्या रुबाबात, "तर मंडळी, या मोबाईलचं वजन..."

हे सगळं खांबांच्या बुंध्याशी होतं. अलीकडच्या-पलीकडच्या त्या थोड्या जागेत. आधीच्या प्रत्येक भागात तिथं तो काय काय बोलला असेल, कितीदा विचारलं असेल, ते आता कुणालाच कळणार नाही. तोंडावर विचारायला त्याला लाज वाटली असेल, किंवा मी हसण्यावारी नेईन असं वाटलं असेल. नेलंच असतं. वाचकांना वाटेल, मग त्यानं नंतर विषय का नाही काढला? त्याला वाटलं असणार, मन्यानं ऐकलंय. ऐकूनही हा काही बोलत नाही, म्हणजे...

वहिनींनी माईकवरचा मोजा काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला. शटरखालून वाकून बाहेर पडल्या, आणि मग पुन्हा वाकून आत बघत म्हणाल्या, "ह्यांनी माझ्यापासून लपवलं, त्याचं भांडण मी ह्यांच्या फोटोशी करीन. पण तुम्हाला तर सांगत होते, भाऊजी. आणि तुम्ही नुसत्या रेघा बघत बसलात."