हात उगारला की वाजणारं कडं

"हात उगारला की वाजलं पायजे," गंगम्मा म्हणाल्या. "असं कडं करून दे मला."

नईमला हसू आलं. सोलापूरच्या सराफ बाजारामागच्या बोळात तो वीस वर्षं चांदीकाम करतो. पैंजण, जोडवी, बाळांचे वाळे. "नातवासाठी का, अम्मा?" त्यानं विचारलं.

"न्हाय. माझ्यासाठी. मी मालकांना मारते रे."

नईमला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. कुंभारीच्या वसाहतीत विड्या वळणाऱ्या गंगम्मा म्हणजे कुणाचं बाळंतपण असो की आजारपण, पहिली हाक मारायचं माणूस. नईमची आई शेवटच्या दिवसांत दवाखान्यात होती तेव्हा तिला पेज भरवायला ह्याच येत होत्या.

गंगम्मा खाली मान घालून सांगत राहिल्या. नवरा नरसय्या तीस वर्षं यंत्रमागावर होता. दोन वर्षांपासून तो सगळं विसरायला लागला. जेवला ते विसरतो, घर विसरतो.

"काल सुपातल्या सगळ्या विड्या पाण्याच्या बादलीत टाकल्या त्यांनी. दिवसभराचं काम. मी थोबाडीत मारली. तर माझ्याकडं बघून म्हणाले, 'तुमी कोण, बाई?' आन् मी परत मारली."

नईमच्या हातातला चिमटा तसाच राहिला. गंगम्मांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, हेच त्याला जास्त भयंकर वाटलं.

"हात कधी उठतो ते मला कळत न्हाय," त्या म्हणाल्या. "कळलं तर खाली घेईन की."

त्यानं पोकळ कडं केलं, आत चार छर्रे टाकले. आठ दिवसांत गंगम्मा परत आल्या. विड्या वळताना हात सारखा हलतो. कडं दिवसभर वाजत राहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या कानांनी ते ऐकणंच सोडून दिलं. "वाजत होतं, आन् मी मारत होते," एवढंच त्या बोलल्या.

मग नईम हट्टाला पेटला. दुसरं कडं त्यानं चपटं, मनगटावर घट्ट बसणारं केलं. आत एकच छर्रा, बारीक खाचेत. हात मांडीवरच्या सुपाशी असेल तोवर तो खाचेतच राहणार. हात खांद्याच्या वर गेला की घरंगळून पातळ पत्र्यावर आपटणार. तीनदा जोड उकलून त्यानं खाच बदलली.

दुपारी त्याची बायको हुस्ना डबा घेऊन आली. ती गादीवर बसून डबा उघडत होती. नईमनं कडं स्वतःच्या मनगटात अडकवलं आणि झटक्यात हात वर नेला.

टण्ण आवाज झाला. अगदी हवा तसा. खूश होऊन तो वळला.

हुस्नानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं होतं. डब्याचं झाकण रस्त्यापर्यंत घरंगळत गेलं होतं.

नईम तसाच उभा राहिला, हात वरच. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं तो घाईनं खाली घेतला. "अगं, मी कडं वाजवून बघत होतो," तो म्हणाला.

"व्हय. कळलं." ती झाकण आणायला उठली.

"मी तुला कधी मारतो का?"

हुस्नानं झाकण पदरानं पुसलं. "आता न्हाय मारत. अमीना पोटात होती तवा मारलं होतं. तुमच्या आईंच्या समोर दोनदा. ईदच्या आदल्या दिवशी शिरखुर्मा करपला तवा."

अमीना, त्यांची मुलगी, आता कॉलेजात होती. नईमला त्यातलं एकदाचंच आठवत होतं, आणि तेही 'जरा हात लागला' असं. तो ऐरणीशेजारी खालीच बसला.

"तू कधी बोलली न्हाईस."

"तुमी कधी इचारलं न्हाय."

त्या दुपारी डबा तसाच परत गेला.

गंगम्मांनी दुसरं कडं नेलं. दिवाळीनंतर त्या आल्या तेव्हा नईमनं कड्याचं विचारलं. "पयल्यांदा वाजलं तरी मारलंच मी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या खेपेला वाजलं आन् हात हवेतच राह्यला. लाजच वाटली. तवापास्नं न्हाय मारलं." मग म्हणाल्या, "त्यांना तो आवाज लई आवडतो. माझा हात धरून वर करतात आन् हसतात. मी कोण ते ठाऊक न्हाय, तरी हसतात."

पुढं गंगम्मांनीच दोन-तीन बायकांना पाठवलं. दुधनी गावच्या एक शाळामास्तरीणबाई आल्या, आणि कुणासाठी ते नईमनं विचारायच्या आधीच म्हणाल्या, "माझ्यासाठीच." तो आता कुणाला हसत नाही. माप घेतो आणि कामाला लागतो.

हुस्नाची त्यानं माफी मागितली. ती "बरं" म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. पण तिचं अंग अजून विसरलेलं नाही, हे त्याला आता दिसतं. आधी वीस वर्षं कसं दिसलं नाही, याचा धक्का ओसरत नाही. म्हणून स्वयंपाकघरात ती जवळ असली की फळीवरचं काही काढण्याआधी तो थांबतो आणि मोठ्यानं सांगतो, "हुस्ना, मी वरचा साखरेचा डबा काढतोय हं."

मगच हात वर नेतो.