लाल गाडी, जळालेला पंखा आणि दादाची वरात

गाडीचा पंखा जळालाय, हे मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं. पप्पांना, आईला, दादाला, आबांना, फोनवर आत्याला सुद्धा. रेडिएटरमागचा पंखा. गाडी पळत असली की समोरून वारा लागतो आणि इंजिन थंड राहतं. उभी राहिली की पंख्याशिवाय भागत नाही. नवा मागवला होता, अजून आला नव्हता. एवढंच! यात न समजण्यासारखं काय आहे? आत्या म्हणाली, "पंखा नाही तर नाही गं, छत उघडं ठेव, मस्त हवा लागेल." मी फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून ओरडले.

थांबा, पहिल्यापासून सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल ही पोरगी उगाच तापट आहे.

गाडी मी धुळ्याला घेतली, हायवेवरच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून. लाल. दोन दारं, दोनच सीट, कापडी छत मागे दुमडतं, आणि जमिनीपासून इतकी खाली की आई आत बसताना "अगं बाई गं" म्हणूनच बसते. मीटरवर दीड लाखाच्या वर किलोमीटर. चटईच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून माल तपासते मी, त्या पगारातून घेतली. किती पडली ते लिहीत नाही. आई हे वाचणार आहे.

डीलर पूर्ण वेळ पप्पांशीच बोलत होता. मी जणू त्यांच्याबरोबर आलेली पिशवी.

"डॉक्टरची गाडी आहे साहेब. फक्त रविवारी काढायचे."

"रविवारी काश्मीरला जाऊन यायचे का डॉक्टर?" मी म्हटलं. "मीटर बघा की."

तो पप्पांकडे बघूनच हसला. "हुशार आहे हो तुमची पोरगी. मुलासाठी घेताय ना?"

पप्पा म्हणाले, "मी नुसता सोबत आलोय. बोलायचं ते तिच्याशी बोला." तरी तो काही माझ्याकडे वळेना. मी बॉनेटवर हात ठेवला तर गरम! म्हणजे आम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवली होती, थंड इंजिन काय धूर सोडतं ते दिसू नये म्हणून. मी सांगितलं, उद्या सकाळी येते, तोपर्यंत हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी जळगावहून पुन्हा धुळ्याला. माझ्यासमोर चालू केली. निळा धूर आला, थोडासा, आणि गेला. म्हणजे थोडं ऑइल पिते. दीड लाख पळालेली आहे, पिणारच! मग मी एक चक्कर मारली, सोनगीरच्या टोलपर्यंत, आणि तिसऱ्या गिअरमध्ये तिने जो आवाज काढला ना... त्यानंतर मी भाव सुद्धा नीट केला नाही. आणि चावी देताना त्या माणसाने हात कुणापुढे केला? पप्पांपुढे. मी मधूनच ओढून घेतली.

मग सुरू झाली गंमत. म्हणजे बाकीच्यांची. आमच्या कॉलनीत ज्याला वाटेल त्याने स्वतःच्या दारासमोर स्पीड ब्रेकर घालून ठेवलाय, एकेक असा की म्हैस पलीकडे दिसणार नाही. तिरपी घालून, एकेक चाक चढवून पार करावी लागते. मागचा रिक्षावाला हॉर्नवर झोपलेला. किराणा दुकानदार रोज न चुकता विचारणार, "काय ताई, आज ढकलत का चालवत?" पार्ट जळगावात मिळत नाहीत, पुण्याहून कुरिअरने येतात, आणि चुकीचे येतात. माझा मेकॅनिक दर वेळी बॉनेट उघडण्याआधी म्हणणार, "विकून टाक ना बाई, दोन स्कूटी येतील."

पण रविवारी सकाळी मी तापीचा पूल ओलांडून यावलच्या रस्त्याला लागायची. छत मागे. दोन्ही बाजूंना केळी, बागांना पाणी सोडलेलं असायचं, आणि बागेपाशी आलं की एकदम थंडगार हवा अंगावर. मग तिसरा गिअर. त्या वेळी जगात कुणीही मला काहीही म्हणावं. हे का सांगतेय, तर ती गाडी गेली असती तर हे सगळं गेलं असतं. माझ्याकडे दुसरं असं काही नाही, जे फक्त माझं आहे.

आबा म्हणजे पप्पांचे मोठे भाऊ. साक्रीला असतात, भावकीत त्यांचा शब्द शेवटचा, आणि बोलतात अहिराणीच. गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि म्हणाले, "हाई गाडी शे का चप्पल शे?" सगळं घर हसलं. दोन वर्षं हाच विनोद. कुठल्याही कार्यक्रमात मी पोचले की, "उनी व माय चप्पल लईसन!"

आणि मग दादाचं लग्न ठरलं. मुलगी सोनगीरची. तारीख मे महिन्यातली, बारानंतरचा मुहूर्त. आबा, काकू आणि आत्या जळगावला आले, पाणी पिऊन झालं आणि आबा म्हणाले, "नवरदेवनी गाडी म्हणीसन हाई लालच लेवानी. बठ्ठा सोनगीर दखी!"

आता चप्पल नाही हं! आता लाल गाडी!

मी काही बोलायच्या आत पुढचं आलं. चावी त्यांच्या मुलाकडे द्यायची. तो चालवणार. का? तर, "नवरदेवनी गाडी पोर चालाडस, हाई चांगलं दिसत नही." पोर म्हणजे मी, मुलगी. त्यांचा मुलगा! जो जीप चालवताना क्लचवरचा पाय फक्त जेवायला उठताना काढतो!

मला प्रचंड राग आला. मग एकदम सुचलं.

"आबा, करवली कोण आहे?"

"तूच, आखो कोन?"

"करवली कुठे बसते?"

आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, "नवरदेवाजवळ! हातात कलश घेऊन!"

"गाडीत सीट किती?"

दादाने बोटं वर करून दाखवली. दोन.

"एकीवर नवरदेव, एकीवर करवली," मी म्हटलं. "मग तुमचा मुलगा कुठे बसेल? डिकीत?"

आबांनी पप्पांकडे बघितलं. पप्पांनी पेपर तोंडासमोर धरला. काकू, आत्या, आई तिघी एका सुरात म्हणाल्या, करवली तर पाहिजेच, त्याशिवाय नवरदेव निघत नाही. झालं. चावी माझ्याकडेच राहिली. तेव्हाच मी सगळ्यांना बजावलं, पंखा जळालाय, वरातीत गाडी फार वेळ उभी राहता कामा नये, सरळ मारुतीच्या देवळापासून मांडवात. सगळे "हो हो" म्हणाले. हो हो!

लग्नाच्या दिवशी सोनगीरला ऊन असं होतं की डांबराला चप्पल चिकटत होती. मारुतीच्या देवळात दादाचा मानपान झाला, फेटा बांधला, गळ्यात हार. मी कलश त्याच्या मांडीवर दिला, कारण स्टिअरिंग आणि कलश दोन्ही मला धरता येत नाही. पुढे डीजेची गाडी, मग नाचणारे, मग आम्ही. तांब्या-पितळेच्या दुकानांच्या गल्लीत शिरलो आणि वरात जी थांबली ती थांबलीच. दोन पावलं पुढे, पुन्हा नाच. दोन पावलं, पुन्हा नाच. मी हाफ क्लचवर. इंजिनच्या तापमानाचा काटा मधोमध होता, तो हलला.

मी एका चुलतभावाला ओरडून सांगितलं, "पुढे घे रे त्यांना! गाडी तापतेय!"

"आज नाही तर कधी ताई!" म्हणत तो पुन्हा आत नाचायला.

मग मी हीटर लावला. हो, हीटर. फुल. इंजिनची गरमी ओढून आत सोडतो तो, जुनी युक्ती आहे. मे महिना, सोनगीर, भर दुपार, आणि आमच्या पायांवर भट्टी!

"काय लावलंस हे?" दादा किंचाळला. शेरवानी, फेटा, मांडीवर कलश. घाम हनुवटीवरून कलशात पडत होता.

"हीटर."

"येडी झालीस का?"

"इंजिन उकळलं तर हेड वाकेल. हेड वाकलं तर खेळ खलास. मग बस धरून अंगणात लाल डबडं!"

तेवढ्यात मागून टक्क आवाज आला. दादाचे दोन मित्र डिकीवर चढून बसले होते. फोटोसाठी! टक्क म्हणजे पत्रा आत गेला. मला तो आवाज दातात जाणवला. "उतरा! उतरा आधी!" त्यांनी मला बघून दोन बोटं दाखवली आणि सेल्फी काढला. पुढून आबा हातवारे करत होते, सावकाश, सावकाश. अजून किती सावकाश? काटा लालच्या कडेला टेकला.

डाव्या हाताला हायवेकडे जाणारा रस्ता फुटत होता. रिकामा.

"दादा, कलश धर."

"का?"

मी स्टिअरिंग फिरवलं. डिकीवरचे दोघे मागच्या मागे उतरले, म्हणजे पडलेच, पायावर पडले, काही झालं नाही. गल्ली, वळण, आणि हायवे. दुसरा. तिसरा. वारा लागला! दादाने एका हाताने फेटा आणि एका हाताने कलश धरलेला.

"अगं माझं लग्न आहे आज!"

"माहितीये! माझं इंजिन आहे!"

"आबा जीव घेतील!"

"घेऊ देत! काटा बघ. बघत राहा नुसता."

तो बघत राहिला. उजवीकडे किल्ल्याची टेकडी मागे गेली. काटा लालमधून सुटला, थोडा खाली, आणखी थोडा. दादा काट्याकडे वाकला. मग म्हणाला, "आला ना खाली?"

"येतोय."

"मग पुढच्या पुलाखालून वळव. लगेच नको जाऊ परत." आणि थोड्या वेळाने, "सकाळपासून पहिल्यांदा वारा लागतोय गं."

लग्नाचं लॉन हायवेलाच होतं. आम्ही गल्लीत परत गेलोच नाही, सरळ लॉनच्या फाटकातून आत. नवरीचे वडील हार घेऊन उभे. त्यांनी नवरदेव बघितला, आमच्या मागे बघितलं, पुन्हा नवरदेव बघितला. "वरात?"

गावातून डीजे ऐकू येत होता. चालूच होता! नवरदेव पळाला तरी ह्यांचा नाच चालू! कुणासाठी नाचत होते कोण जाणे. दादासाठी तर नक्कीच नाही.

आबा आले तेव्हा पायी आले, उन्हात, रुमालाने मान पुसत, मागे निम्मी भावकी.

"नवरदेव कथा लई गयथी व?"

"हायवेवर. इंजिन तापलं होतं आबा. मी सांगितलं होतं."

"लगीनपेक्षा इंजिन मोठं शे का?"

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "मी सांगितलं होतं. तुम्ही कुणी ऐकलं नाही." तेच पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

लग्न लागलं. जेवणं झाली. मी गाडीपाशीच ताट घेऊन उभी होते, बॉनेट उघडं टाकून. आणि पाठवणीच्या वेळी आबा आले. शांत. हसत. हात पुढे केलेला.

"दोनच सीट ना व? नवरी नवरदेवजोडे बठस. आते दे चाबी."

माझाच हिशोब माझ्या तोंडावर. नवरी-नवरदेव एका गाडीत, सीट दोन. दादाला चालवता येते, येते म्हणजे पप्पांच्या गाडीवर शिकलाय तेवढी. जळगावपर्यंतचा रस्ता, मध्ये ट्रकांच्या रांगा, गावं, फाटक. एकदा कुठे अडकला आणि काटा बघायला विसरला की संपलं. मी चावी मुठीत धरली. आई म्हणाली, "दे गं, एक दिवसाचा प्रश्न आहे." आत्या म्हणाली, "रीत आहे ती." करवलीच्या वेळी रीत माझ्या बाजूने होती ना!

"नाही देणार," मी म्हटलं. "बंद करून इथेच ठेवते. मी पण इथेच राहते."

मग नवरी मध्ये आली. शालू, मुंडावळ्या, रडून लाल झालेले डोळे. तिने दार उघडलं आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसली. शालू आत ओढून घेतला.

"पंखा चालत नाही ना हिचा?" तिने मला विचारलं. "हे सांगत होते फोनवर, मागच्या आठवड्यात. मग चला ना लवकर. ऊन उतरलंय, रस्ता मोकळा असेल."

आबा म्हणाले, "आनि नवरदेव?"

"त्यांना जीपमध्ये घ्या," ती म्हणाली. "तुमच्याजवळ."

दादा जीपमध्ये जाऊन बसला. मी गाडी काढली.

पारोळ्याच्या अलीकडे ट्रकांची रांग लागलीच. हीटर लावावा लागला. नवीन नवरीच्या पायांवर भट्टी! तिने शालू गुडघ्यापर्यंत घेतला, मेंदीचे पाय डॅशबोर्डवर टेकवले आणि आमच्या अख्ख्या खानदानाला जे काही म्हणाली ते मी इथे लिहू शकत नाही. काट्यावरून तिने नजर काढली नाही. घरी पोचलो तेव्हा काटा मधोमध होता आणि आम्ही दोघी भिजलेल्या.

पंखा पुढच्या आठवड्यात आला, बरोबर आला, बसवला. आता घरात ही गोष्ट सगळे हसून सांगतात, नवरदेव कसा पळवला म्हणून. आबा सगळ्यात जास्त रंगवून सांगतात. ह्यांना हसू येतं! डिकीवरचे दोन पोचे मी काढलेले नाहीत. मेकॅनिक म्हणतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी नाही म्हणते. आबा जळगावला येणार असले की मी गाडी फाटकात उलटी लावते, डिकी रस्त्याकडे, म्हणजे आत यायला त्यांना तिथूनच जावं लागतं.