साखळी, बस आणि शहापुरी काठ

आम्ही जुने सहकारी एकत्र बसलो की किस्से निघतातच, आणि प्रत्येक वेळी एखादा नवा आठवतो! मी मानसिक आजाराच्या पेशंटांच्या घरी जाणारी सोशल वर्कर. सोबत आमच्या नर्स, मंगलआक्का. घरातलं माणूस बिघडलं की लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊन सोडायचं, एवढंच लोकांना ठाऊक होतं. औषध दारात येतं, हे कुणाला खरं वाटेना.

एका गावात जीपमधून उतरलो, तर एक म्हातारा हात जोडून पुढं आला. "पोराला न्हेऊ नका, पाया पडतो!"

मंगलआक्का म्हणाल्या, "न्यायला न्हाय आप्पा, बसायला आलोय."

म्हाताऱ्यानं घोंगडं अंथरलं.

*

जांबोटीकडच्या एका वाडीत आईनं तरण्या मुलाला साखळीनं बांधलेलं. मी चिडून बोलले, "जनावर आहे का हो हा?"

"रानात निघून जातोय बाई. मी भात लावू का त्येच्या मागं पळू?" तिनं गळ्यातली किल्ली दाखवली. "आंघोळीला बी काढत न्हाय ही."

मी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले.

औषध लागू पडलं, साखळी सुटली. पुढच्या खेपेला बघतो तर मुलगा शेतात रोप लावतोय आणि आई बांधावर उभी.

"अजून राखण?" मंगलआक्कांनी विचारलं.

"त्येची न्हवं गं. माझीच सवय मोडंना!"

*

खानापूरच्या दवाखान्याला येणारा एक पेशंट ठरलेल्या बसनं यायचा. एकदा तो स्टॉपवर दिसला नाही. कंडक्टर उतरून थेट त्याच्या घरी! बसमध्ये आरडाओरडा. कंडक्टर त्याला हाताला धरून घेऊन आला आणि म्हणाला, "गोळी चुकली तर तुम्ही सांभाळतासा व्हय?"

मग त्यानं डबल बेल मारली.

*

सगळंच असं गोड नाही. एका पावसाळ्यात रस्ता तुटला, आम्हाला पोचता आलं नाही. औषध संपलं आणि एक बाई घरातून निघून गेली. सापडलीच नाही. तिचा भाऊ अजून दर क्लिनिकच्या दिवशी येतो.

"काय पायजे अण्णा?"

"काय न्हाय. जरा बसतो."

आम्ही बसू देतो.

*

शहापुरातल्या विणकराच्या घरची सुमन. तिच्या कानात आवाज यायचे. पाहुणे आले की भाऊ तिला आतल्या खोलीत बसवायचा. गोळ्या सुरू झाल्या, ती पुन्हा मागावर बसली, तरी पाहुण्यांपुढं यायची नाही.

भावाच्या मुलीला बघायला वडगावचे पाहुणे येणार होते. ते पण विणकरच. सुमननं मलाही बोलावलेलं. पाहुणे दारात आले तशी ती उठली. "मी आत जाते."

पुतणी म्हणाली, "आत्ती, पोहे तूच आण."

सुमननं पोहे आणले. मुलाच्या आईनं विचारलं, "ह्या कोण?"

भाऊ खाली बघायला लागला.

"माझी आत्ती," पुतणी म्हणाली. "मनाचा आजार हाय तिला. गोळ्या चालू हायत. माझ्या अंगावरची साडी तिनंच विणलीया."

मुलाच्या आईनं पुतणीचा पदर हातात घेतला, उलटा करून बराच वेळ बघितला.

मग जरा सरकून बसली.

"बसा की हितं आक्का. ह्यो काठ कसा जमवलासा?"