ती शेड पडायला नको होती

आधीच सांगून टाकते, मी भुताखेतांवर, संकेतांवर, ‘मला आतून जाणवलं’ वगैरे प्रकरणांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. या ग्रुपवर येऊन लोकांचे अनुभव वाचायचे आणि मनातल्या मनात ‘चल, काहीही!’ म्हणायचं, हा माझा जेवणानंतरचा उद्योग. त्यामुळे आता मीच लिहायला बसलेय याचा मला मनस्वी संताप आलेला आहे. आणि खाली ‘ताई, शिफ्टच्या थकव्याने असं होतं’ असं लिहायला ज्यांची बोटं शिवशिवतायत, त्यांनी आधी पूर्ण वाचा. तो शोध आमच्या घरात लावून झालाय.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर वेल्डिंगचे जोड तपासायचे, कुठला धरेल आणि कुठला सोडेल ते बघायचं... याचाच पगार मिळतो. राहते मोशीला, माहेर दिघीचं. वडिलांचं, म्हणजे आण्णांचं, भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. लोखंडी खांब, वर पत्रा, मधे विटांच्या भिंती, आत लेथ आणि ड्रिल. आण्णा करमाळ्याकडून पोटासाठी इकडे आले, वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या कंपनीत लेथ चालवला आणि मग ही शेड भाड्याने घेतली. आता धाकटा भाऊ प्रसाद त्यांच्याबरोबर धंदा बघतो.

आता गेमचं. हो, मी गेम खेळते. बाई आहे, चाळिशीकडे झुकलेय, मुलगी शाळेत जाते, तरी खेळते. झालं समाधान? पुढे चला.

कॉलेजात असताना मी आणि प्रसाद एका जुन्या कॉम्प्युटरवर एक गेम खेळायचो. नाव सांगत नाही, उगाच त्याचे भक्त अंगावर येतील. वाळवंटातली खाणींची वसाहत, तिथली जुलमी कंपनी, आणि आपल्या हातात एक भला मोठा हातोडा. कुठेही फिरा, काहीही पाडा. पण पाडायचं म्हणजे कसंही नाही! त्यात प्रत्येक इमारत खरोखर आपल्या आधारावर उभी असायची. खांब तोडला तर छप्पर झुकणार. नुसत्या भिंती फोडल्या तर लोखंडी सांगाडा ढिम्म उभा राहणार. इंजिनिअरिंगच्या पुस्तकापेक्षा मी त्या हातोड्याकडून जास्त शिकले, हे मी इंटरव्ह्यूत सांगितलं नाही इतकंच.

तर त्या गेमचं नवं, रिमास्टर केलेलं रूप आलं. मी घेतलं. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते, आणि त्या गुरुवारी खंडेनवमी होती. नवरा मुलीला घेऊन सासूबाईंकडे गेला होता. दुपारी आण्णांच्या वर्कशॉपमध्ये पूजेला जायचं होतं, सकाळ माझी एकटीची. चहा घेतला, टीव्हीसमोर पाय पसरून बसले.

आणि काय हो ते रिमास्टर! उन्हाने डोळे दिपतात, धूळ नको तिथे चमकते, विटा फुटल्याचा तो जुना खरखरीत आवाज घालवलाय. जुन्या घराला हॉटेलसारख्या टाइल्स लावल्या की जसं वाटतं, तसं. मी चरफडत खेळत होते. खेळता खेळता खाणीमागच्या एका शेडपाशी आले. ही शेड मला पाठ होती. आम्ही दोघं तिथे सराव करायचो. भिंती सगळ्या पाडायच्या, सांगाडा उभा ठेवायचा, अशी आमची पैज असायची. मी दाराच्या डाव्या अंगाची भिंत फोडली आणि अख्खी शेड आत बसली. मागचा डावा कोपरा आधी, मग सगळा पत्रा.

मी म्हटलं, हे काय? खांबाला मी हातसुद्धा लावला नव्हता. पुन्हा लोड केलं, उजवी भिंत फोडली. शेड उभी. मागची फोडली. उभी. डावी फोडली की पडली! कितीदा केलं तरी तेच. इतक्या सगळ्यांचे पैसे घेता आणि गणित बिघडवून ठेवता? माझं डोकंच सरकलं. तक्रार पाठवायची म्हणून मी ते पडणं मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतलं.

रेकॉर्डिंग परत बघताना दिसलं की आत एक माणूस आहे. त्या गेममधली माणसं हातोड्याचा पहिला दणका बसला की ओरडत पळतात. हा पळत नव्हता. फुटलेल्या भिंतीकडे तोंड करून, एक हात वर धरून पंजा हलवत उभा होता. छप्पर आलं तरी हलवतच होता. मी म्हटलं, आणखी एक चूक. तीही तक्रारीत लिहून कंपनीला पाठवली आणि चिडून गेम बंद केला.

तेवढ्यात प्रसादचा फोन. ‘‘ताई, येताना पेढे आण. आणि आण्णांशी जपून बोल, तापलेत.’’

‘‘का? सणासुदीला काय झालं?’’

झालं होतं ते असं. दसऱ्याच्या मुहूर्तावर आमच्याकडे नवं मशीन यायचं होतं, म्हणजे सेकंडहँड, पण आमच्यासाठी नवंच. ते शटरमधून जाणार नव्हतं. म्हणून बाजूची भिंत फोडून आत घ्यायचं ठरलेलं. ठेकेदार नवमीला सकाळी येऊन भिंत पाडणार होता, पण आण्णांनी त्याच्या आधीच पूजा मांडली. त्यात लेथला झेंडू, ड्रिलला झेंडू, आणि सगळे हातोडे, छिन्न्या, ठेकेदाराने आदल्या दिवशी आणून ठेवलेलं फोडायचं मशीनसुद्धा हळदकुंकू लावून ओळीने मांडलेलं. पूजेत बसलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. ठेकेदार आला, आपल्याच मशीनवरचं कुंकू बघितलं आणि कपाळाला हात लावून गेला. आण्णा स्वतःवर चिडलेले आणि राग प्रसादवर निघत होता.

मी फोनवर पोट धरून हसले. खरंच हसले.

दुपारी गेले. आरती झाली, पेढे झाले. आण्णांचा पारा उतरला होता. मला हाताला धरून उद्याचा बेत दाखवायला लागले. ‘‘ही डावी भित्ताड काढायची. हायड्रावाला रस्त्यावरनंच क्रेननं मशीन उचलून आत घालतोय. आन् मी हितं हुबा.’’ मागच्या डाव्या कोपऱ्यात गेले, भिंतीकडे तोंड केलं आणि हात वर करून पंजा हलवायला लागले. ‘‘यिऊ दे... यिऊ दे...’’

माझ्या हातातला पेढा खाली पडला. हे मी शोभेसाठी लिहीत नाही, खरंच पडला.

प्रसादला बाहेर ओढलं आणि मोबाईलवर ते रेकॉर्डिंग दाखवलं. तो बघून हसला आणि म्हणाला, ‘‘आयला, हा तर आण्णांसारखाच हात करतोय!’’ हे वाक्य लक्षात ठेवा. तो म्हणाला. स्वतःच्या तोंडाने म्हणाला.

‘‘प्रसाद, ती भिंत नको पाडायला.’’

‘‘ताई, तू गेम खेळून आलीस, आणि आम्ही मशीन परत पाठवू?’’

त्याचं म्हणणं कुणालाही पटेल. मलाही पटत होतं, आणि तरी ती भिंत पडू द्यायची नव्हती. आण्णांना सांगायची सोय नव्हती. काय सांगणार? घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला थकवा आहे. आईला सांगितलं, ती म्हणाली दृष्ट लागली. या लोकांसमोर मी आयुष्यभर शहाणी म्हणून वावरलेय!

दसऱ्याला सकाळीच जाऊन त्या डाव्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. रस्त्यात हायड्रा क्रेन घरघरत होती, ट्रकवर ताडपत्रीत मशीन, त्याला हार. आण्णा नव्या टोपीत, हातात नारळ. ठेकेदाराने पूजेतलं फोडायचं मशीन उचललं आणि मला बघून थांबला.

‘‘मॅडम, बाजूला व्हा. छप्पर लोखंडी खांबावर हाय. भिंत नुसती आडोशाला.’’

‘‘मला माहितीये. मग खांबाचा पाय उघडून दाखवा. चांगला निघाला तर मी हलते.’’

आण्णा कडाडले, ‘‘आगं, येड लागलं का तुला? मुहूर्त चाललाय! चार माणसांत बापाची शोभा करती व्हय?’’

एवढ्या मोठ्या आवाजात ते माझ्यावर कधी लहानपणीही ओरडले नव्हते. रडू येत होतं, पण मी हलले नाही. ‘‘पाय उघडा,’’ म्हणत राहिले. शेवटी ठेकेदार वैतागून खाली बसला. खांबाचा खालचा भाग भिंतीच्या प्लास्टरमध्ये गाडलेला. त्याने छिन्नी लावून प्लास्टर उडवलं आणि आत दुसरा घाव घातला. छिन्नी खांबातच शिरली.

लोखंड नव्हतंच तिथे. पापडासारखे गंजाचे पापुद्रे निघाले. शेजारच्या गाळ्यात पूर्वी प्लेटिंग, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचं काम चालायचं, त्याचं ॲसिडचं पाणी भिंतीच्या पायथ्याने झिरपत राहिलं असणार. पुढचा खांबही तसाच. त्या बाजूचं छप्पर खांबांवर नव्हतंच, ते त्या भिंतीवर टेकलेलं होतं. आण्णांनी नारळ खाली ठेवला आणि आत जाऊन तो कोपरा बघून आले. बाहेर आल्यावर त्यांनी क्रेन बंद करायला लावली.

मशीन त्या दिवशी ट्रकवरच राहिलं. टेकू लावले, खांब बदलले, आणि दिवाळीच्या पाडव्याला ते आत गेलं. सगळं चांगलं झालं. मग चिडायचं कशाला? तर ऐका.

आण्णा येईल त्याला सांगतात, ‘‘खंडेनवमीनं वाचीवलं. हत्यारं पूजेत बसली, न्हाईतर आदल्या दिशीच कारभार आटोपला आस्ता.’’ ते खरंही आहे, पण भिंतीला पाठ लावून शिव्या मी खाल्ल्या! ठेकेदार म्हणतो, ‘‘मीच म्हणलं, आधी पाय बघू.’’ आणि प्रसादची थिअरी ऐका: मला म्हणे मनात कुठेतरी माहीत होतं, मी क्वालिटीची ना! अरे, प्लास्टरच्या आतला गंज मला मोशीतून दिसला? आणि समजा माझ्या मनाला माहीत होतं, तर गेममध्ये शेड कुणी पाडली, माझ्या मनाने?

गेम कंपनीचं उत्तर आलं. त्यांच्याकडे तशी चूक कुणालाच आढळलेली नाही. मी पुन्हा खेळून बघितलं. डावी भिंत फोडली, सांगाडा उभा. सगळ्या भिंती फोडल्या, तरी उभा. रेकॉर्डिंग मात्र माझ्याकडे आहे, आणि त्यात शेड पडते, आजही पडते. पण आत कुणीच नाही. मोकळी जमीन. प्रसादला म्हटलं, तू बघितला होतास ना तो माणूस? तर हा शांतपणे म्हणतो, ‘‘मला नाही आठवत, ताई.’’ त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलते.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल असंही आता वाटत नाही. पण माझी तक्रार वेगळीच आहे. ज्या कुणी, किंवा ज्या कशाने हे दाखवलं, त्याला एवढं सगळं माहीत होतं तर सरळ आण्णांनाच सांगायचं ना? स्वप्नात यायचं, दारात येऊन उभं राहायचं, काहीही. माणसाचा जीव जाणार आहे हे सांगायची ही काय पद्धत झाली? एका विकतच्या गेममध्ये, एका शेडमध्ये, तेही मी ती भिंत फोडली तरच! त्या सकाळी माझी मुलगी घरी असती तर टीव्हीवर कार्टून लागलं असतं. एवढ्याशावर माझा बाप वाचलाय. आता याचा राग मी कुणावर काढू, तेवढं सांगा.