सिग्नल कोण पितंय?

हॅलोबाईंनी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडण्यात घातली. त्यामुळे तारेतून येणाऱ्या शब्दावर त्यांचा चटकन विश्वास बसत नाही, आणि समोर उभं राहून बोलणाऱ्यावर तर मुळीच नाही.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा जावयाने घरात नवी यंत्रणा बसवून दिली. पलंगाशेजारचं बटण दाबलं, की निरोप घरातल्याच विजेच्या तारेतून जायचा आणि जिन्यातला दिवा लागायचा. भिंत फोडायला नको, काही नको. पण दिवा निघाला लहरी. एरवी शहाण्यासारखा लागायचा आणि लेक-जावई राहायला आले की रुसायचा.

लेकीने निर्वाणीचं सांगितलं, "अंधारात पाय घसरला तर? आता पुन्हा दिवा लागला नाही, तर घराला कुलूप. आमच्याकडे यायचं."

"अगं, मी बटण दाबते!"

"विसरत असशील."

विसरते म्हणे! अख्ख्या शहराचे नंबर जिच्या जिभेवर होते, ती! हॅलोबाईंचं डोकं फिरलं. यंत्रणा कुणी बसवली? जावयाने. घर रिकामं झालं तर फावेल कुणाचं? शिवाय माणूस गोड बोलतो. गोड बोलणाऱ्यांच्या लाइनी त्यांनी काय कमी जोडल्या होत्या?

त्यांनी यंत्रणावाल्याला फोन लावला. तो घाईत होता. "मावशी, बटण ठीक आहे. तुमच्या घरात कुणीतरी पितंय. येऊन बघतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

शनिवारी लेकीबरोबर जावई दारात आला, तर हॅलोबाई त्याच्या तोंडाशी नाक नेऊन उभ्या.

"पेपरमिंट? वास दडपायला वाटतं?"

"घसा बसलाय हो, आई."

"मला कळलंय सगळं. घरात कुणीतरी पितंय, म्हणाला तो."

जावई हसत हसत पायरीवरच बसला. "अहो, सिग्नल पितंय! प्लगला लावलेली एखादी वस्तू तारेतला निरोप गिळते. मग तो दिव्यापर्यंत पोचतच नाही."

हॅलोबाईंचं तोंड एवढंसं झालं, पण संशय हलला नाही. "मग तुम्ही आलात कीच बरी तिला तहान लागते!"

एक्स्चेंजमध्ये खराब लाइन शोधायची रीत त्यांना पाठ होती: एकेक जोडणी काढायची आणि बघायचं. लेकीला बटणापाशी बसवलं, जावयाला जिन्यात उभं केलं. टीव्ही काढला. "नाही!" जावई ओरडला. फ्रिज काढला. "नाही!" मग सोफ्यामागचा एक पांढरा चार्जर उपटला.

"लागला!"

"हा कुणाचा?" हॅलोबाईंनी जिन्याकडे बघत विचारलं. लेकच बाहेर आली. "माझा. ऑफिसचा."

"दर वेळी इथेच लावतेस?"

"मला काय माहीत, हे असं होतं म्हणून!"

आवाज खरा वाटला. जवळजवळ.

यंत्रणावाल्याने येऊन एक फिल्टर दिला. चार्जर त्यात घालून मग भिंतीला लावायचा, म्हणजे तो निरोप गिळत नाही. दिवा सुतासारखा सरळ झाला. लेक-जावयाच्या पुढच्या खेपेला हॅलोबाईंनी बटण दाबलं, तर जिन्यात पुन्हा काळोख. चार्जर आता स्वयंपाकघरात, थेट भिंतीला.

"विसरले गं," लेक म्हणाली.

जावयाने तो काढून फिल्टरमध्ये घातला. दिवा लागला.

"जावईबापू, पेपरमिंट आहे का? द्या एक इकडे." हॅलोबाईंनी ती गालात धरली आणि लेकीपुढे खुर्ची ओढली. "आणि तू बस. मला न्यायची एवढी घाई कसली, ते आता नीट सांग."